प्लॅटिनमची तार हाती घेण्यापूर्वी

प्रयोगशाळेत सी. एलिगन्स हे सूक्ष्म कृमी अगारच्या (जेलीसारख्या थराच्या) प्लेटींवर वाढवतात. गोव्यात पावसाळ्यात या प्लेटींवर बुरशी धरायला वेळ लागत नाही, म्हणून सकाळी आल्याबरोबर त्या तपासाव्यात आणि इन्क्युबेटर (ठरावीक तापमान राखणारी पेटी) २० अंशांवर आहे ना, हेही पाहावे, कारण २५ अंशांच्या वर हे जेमतेम १ मिलिमीटरचे कृमी नापीक होऊ लागतात. तार ज्योतीत लाल करून निववावी, टोकाला जिवाणूंचा चिकट थर घ्यावा आणि त्याला कृमी अलगद चिकटवून उचलावा. अगार ओरखडला, तर कृमी त्या चिरेत शिरतो. माझे पहिले पंधरा दिवस यातच गेले. या कृमीच्या चेतापेशी अवघ्या ३०२ असल्या, तरी पापणीच्या केसाने वारंवार स्पर्श केल्यास त्याला सवय होते आणि तो मागे सरकेनासा होतो, म्हणून प्रत्येक चाचणीला नवा कृमी घ्यावा.