क्लायंट रील बघून स्वतःच निदान करून येतात, त्यांच्याशी कसं बोलायचं?

तुम्ही लिहिलंय की समुपदेशनाचं काम नुकतंच सुरू केलंय आणि दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी मोबाईल पुढे करून "मला एडीएचडीच आहे" (म्हणजे लक्ष न टिकण्याचा, चंचलपणाचा विकार) म्हणतं, तेव्हा गप्प ऐकून घ्यावं की सरळ नाही म्हणावं. मी नाशिकला बारा वर्षं हेच काम करतेय, पण आधी माझी चूक सांगते.

सुरुवातीच्या दिवसांत एक तिशीतल्या बाई आल्या होत्या, लक्षणं वहीत लिहून, चांगली चार पानं, आणि मी ती वही उघडलीसुद्धा नाही, म्हटलं हे गुगल वगैरे बाजूला ठेवा आणि माझ्यावर सोडा. त्या बरं म्हणाल्या, फी दिली आणि परत आल्याच नाहीत. त्या चार पानांत काय होतं ते मला कधीच कळणार नाही, अजून टोचतं ते.

आता मी पहिला प्रश्न एकच विचारते, त्या व्हिडिओतलं नेमकं काय ऐकून वाटलं की हे तर माझंच आहे? आणि मग मध्ये अजिबात बोलत नाही. एकीने सांगितलं, गॅसवर दूध ठेवून विसरणं, किल्ल्या हरवणं, पोराच्या फीची तारीख दरवेळी चुकणं, आणि त्यावरून माहेरी-सासरी ऐकलेलं वेंधळी, धांदरट, लक्ष कुठंय तुझं. त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा शिवी नसलेला शब्द सापडला होता हो! तो पहिल्या दहा मिनिटांत हिसकावून घेतला तर ती पुढचं काही सांगणार नाही, म्हणून "असेलही, आपण नीट बघू" एवढंच म्हणायचं आणि खरंच नीट बघायचं.

बघायचं म्हणजे काय, तर एडीएचडी मोठेपणी अचानक उगवत नाही, निदानाच्या निकषांप्रमाणे काही लक्षणं तरी वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. म्हणून मी शाळेची प्रगतिपुस्तकं शोधायला सांगते, माहेरच्या कपाटात बऱ्याचदा सापडतात, त्यातले बाईंचे शेरे वाचते, आई असेल तर तिच्याशी बोलते. झोप किती होते, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी १२ कधी तपासलंय तेही विचारते, कारण थकवा आणि लक्ष न लागणं ह्यातूनही येतं. वर जिचं सांगितलं तिच्या प्रगतिपुस्तकात "वर्गात लक्ष नसते" हा शेरा दरवर्षी होता, सायकियाट्रिस्टकडे पाठवलं (निदान त्यांचं काम, आपलं नाही) आणि ते एडीएचडीच निघालं. दुसरी एक अगदी तसंच बोलायची, पण तिचं बाळ आठ महिन्यांचं, सलग झोप तीन तास आणि हिमोग्लोबिन ८, म्हणजे बरंच कमी. तिला मी तुम्हाला काही झालेलं नाही असं म्हटलं नाही, म्हटलं त्रास खराच आहे, कारण मला दुसरीकडे दिसतंय, आधी ते सुधारू, मग दोन-तीन महिन्यांनी परत बघू.

२०२२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी टिकटॉकवरचे एडीएचडीचे सगळ्यात लोकप्रिय १०० व्हिडिओ तपासले होते, त्यातले निम्म्याहून जास्त दिशाभूल करणारे निघाले. हे क्लायंटला जरूर सांगा पण तिसऱ्या-चौथ्या भेटीत, पहिल्याच भेटीत सांगितलं तर टोमणा वाटतो.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र ठाम राहा. नेटवर वाचून बहिणीच्या चिठ्ठीवरची गोळी सुरू केलेले लोक येतात. रागवू नका, नाव, डोस आणि किती दिवस ते विचारा, आणि स्वतःहून "आजपासून बंद करा" असंही सांगू नका, अल्प्राझोलामसारखी चिंतेवरची गोळी रोज चालू असेल तर ती एकदम बंद करणं धोक्याचं असतं, त्याच आठवड्यात डॉक्टरची वेळ घेऊन द्या.

आणि कुणी ऑनलाइन टेस्टचा स्क्रीनशॉट आणला आणि ती डिप्रेशनची पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी असेल तर नुसता स्कोअर बघून थांबू नका. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांबद्दल असतो. स्क्रीनशॉटवर फक्त बेरीज असेल तर तो प्रश्न तुम्ही स्वतः परत विचारा, आणि उत्तर शून्य, म्हणजे "अजिबात नाही", नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तेव्हाच, त्याच खोलीत त्यावर बोला आणि जाताना टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या, तो रात्रीसुद्धा चालू असतो.