डिस्नेची स्प्लॅश माउंटन बदलून टियानाची (डिस्नेच्या सिनेमातली काळी राजकन्या) राइड केली त्यावर अमेरिकन फॅन्स एवढे का भांडतात? नवी राइड खरंच वाईट आहे का?

मी फ्लोरिडात टॅम्पाला राहतो, ऑरलँडोचं डिस्ने पार्क इथून गाडीने सव्वा-दीड तास, आणि बायकोच्या हट्टापायी (असं मी सांगतो, हट्ट माझाच होता) आमच्याकडे बरीच वर्षं डिस्नेचा वार्षिक पास होता. जुनी स्प्लॅश माउंटन किती वेळा केली ते मोजलेलं नाही, नवी आत्तापर्यंत चारदा झालीय. म्हणजे बोलायचा थोडाफार हक्क आहे असं धरून लिहितोय, लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

ज्यांनी बघितलेली नाही त्यांच्यासाठी आधी राइड काय ते. ओंडक्याच्या आकाराची होडी, ती पाण्याच्या पाटातून हळूहळू डोंगरात शिरते, आत गाणारी-बोलणारी यांत्रिक जनावरं, त्यांची गोष्ट पुढे पुढे सरकत जाते, मग होडी वर चढायला लागते आणि शेवटी साधारण ५० फुटांवरून धपाक खाली. कपडे ओले, पडतानाचा फोटो निघतो, त्यात सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडला ही १९८९ च्या जुलैत सुरू झाली (आपल्याकडे गोराईला एस्सेलवर्ल्ड आलं तेच साल), मग १९९२ मध्ये टोकियोला आणि इथे फ्लोरिडाला.

आता गोष्ट. एक ससा, त्याच्या मागे कोल्हा आणि अस्वल. ससा शेवटी सापडतो. कोल्हा म्हणतो आता तुला खाणार, आणि ससा रडायला लागतो की बाबा मला भाज, टांग, सोल, काय वाटेल ते कर पण त्या समोरच्या काटेरी जाळीत तेवढं टाकू नकोस. कोल्ह्याला वाटतं ह्याला सगळ्यात जास्त त्रास कशाने होतो ते कळलं, तो उचलून नेमका तिथेच फेकतो. आणि ससा जन्मलेला, वाढलेला काट्यातच. आपल्याकडे करवंदीच्या जाळीत फेकलं असतं आणि ससा करवंदं खात बसला असता, तसं.

२०१६ मध्ये आई आली होती तेव्हा तिला बसवलं. ती नको नको म्हणत होती, गुडघे दुखतात, होडीत फार खाली बसावं लागतं, पण सहा वर्षांच्या नातीने हात धरून ओढलं म्हटल्यावर बसली. आतलं इंग्रजी तिला काही कळेना म्हणून मी मागून भाषांतर करत होतो. होडी शेवटच्या चढाला लागली, तिथे डोक्यावर दोन गिधाडं बसून आपल्याला टोमणे मारायची, आणि मी तिला सांगितलं की ससा म्हणतोय काट्यात टाकू नको. आईने चष्मा काढून मुठीत घेतला आणि नातीला म्हणाली, "अगं ही तर आपली भोपळ्यातली म्हातारी!" चल रे भोपळ्या टुणूक टुणूकवाली. लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होऊन येते, मग खा. एवढं म्हणेपर्यंत होडी खाली. फोटोत आईचे डोळे मिटलेले, तोंड उघडं आणि मूठ छातीशी. तो फोटो आजही फ्रिजवर आहे.

हे एवढं लांबवून का सांगितलं, कारण माझ्या मते सगळं भांडण ह्या शेवटच्या पडण्यात आहे, आणि लोक मात्र दुसऱ्याच गोष्टींवर एकमेकांचे कपडे फाडतात. जुन्या राइडमध्ये तुम्ही ससा होतात आणि कोल्हा तुम्हाला फेकायचा. भीती वाटायची ती त्या थापेचाच भाग होती, खाली पडल्यावर कळायचं की अरे आपण तर घरी आलो. पाच-सहा सेकंदांची गंमत पण तिच्यासाठी आधीची आठ-नऊ मिनिटं रचलेली होती. गोष्टीला उतार हवा होता आणि उताराला गोष्ट हवी होती.

मग बदलली का? तर हा ससा आला कुठून ते बघा. डिस्नेचा १९४६ चा 'साँग ऑफ द साउथ' नावाचा सिनेमा. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरचा काळ, जॉर्जिया राज्यातला मळा, आणि तिथले काळे लोक एकदम सुखात, गाणी म्हणत, मालकाच्या पोराला गोष्टी सांगत. तेव्हाच एनएएसीपीने (काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना) ह्यावर टीका केली होती, म्हणजे ही आत्ताच्या पिढीची नाजूक तब्येत वगैरे काही नाही. त्यात गोष्टी सांगणाऱ्या अंकल रीमसचं काम केलं जेम्स बास्केट ह्यांनी, त्यांना पुढे मानद ऑस्कर मिळालं, पण अटलांटाला सिनेमाचा प्रीमियर झाला तेव्हा तिथल्या वर्णभेदामुळे त्यांनाच जाता आलं नाही. ह्याच्यावर मी वेगळं काय बोलू. अमेरिकेत हा सिनेमा व्हिडिओवर कधी आला नाही, डिस्ने प्लसवरही नाही, कंपनीने कपाटात ठेवून किल्ली लपवलीय. आणि तरी त्याच सिनेमाच्या सशावर डोंगर बांधला, तीन ठिकाणी. बांधताना तो अंकल रीमस तेवढा वगळला म्हणजे आपण सुटलो असा हिशोब असणार.

२०२० मध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड ह्या काळ्या माणसाची हत्या झाली, देशभर मोर्चे निघाले, राइड बदला म्हणून ऑनलाइन सह्या गोळा झाल्या आणि २५ जूनला डिस्नेने जाहीर करून टाकलं की आता इथे टियाना येणार. कंपनी म्हणते काम आधीच्या वर्षीपासून चालू होतं. लगेच उलट बाजूनेही सह्यांची मोहीम. फ्लोरिडातली २०२३ च्या जानेवारीत बंद झाली, कॅलिफोर्नियातली त्याच वर्षी मेअखेर. बंद व्हायच्या वेळी लोकांनी त्या राइडचं पाणी बाटल्यांत भरून ईबेवर विकायला काढलं, खरंच, गंगाजलासारखं. ते पाणी मी कपड्यांवर बरंच घरी आणलेलं आहे, कोणाला पाहिजे असेल तर तो जुना टी-शर्ट अजून आहे.

ह्या भांडणात एक बाजू कायम राहून जाते. ऑफिसमध्ये माझ्या शेजारी बसणारा एकजण जॉर्जियाचा, काळा, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. त्याला मी विचारलं तुला काय वाटतं, मला वाटलं तो म्हणेल बरं झालं. तो म्हणाला सिनेमा गेला खड्ड्यात, पण तो ससा आमचा होता. त्याची आजी ह्या गोष्टी सांगायची. आणि ते खरंच आहे, ह्या गोष्टी डिस्नेच्या नाहीत, आणि ज्याच्या नावावर छापल्या गेल्या त्या जोएल चँडलर हॅरिसच्याही नाहीत. तो गोरा पत्रकार, पोरवयात एका मळ्यावर कामाला होता तिथे गुलामांच्या तोंडून ऐकल्या आणि १८८० च्या सुमारास पुस्तक काढलं. मुळात आफ्रिकेतून आलेल्या सशाच्या गोष्टी. ज्याच्या हातात ताकद नाही त्याने ताकदवानाला नुसत्या बोलण्याने कसं गंडवायचं, आणि तेही गंडवलं हे त्याला कळू न देता. गुलामीत असल्या गोष्टीची काय किंमत असेल विचार करा. तेव्हा सिनेमाचं पाप धुताना ससाही वाहून गेला, ह्याचं वाईट वाटणारा माणूस वर्णद्वेषीच असतो असं नाही. आणि दुसऱ्या बाजूला "माझं बालपण हिरावलं" म्हणत गळा काढणाऱ्यांतल्या निम्म्यांना ससा कुठून आला तेच माहीत नसतं, त्यांना फक्त एक काळी राजकन्या नको असते. दोन्ही जाती मी बघितल्यात. काही लोक तर एकाच वाक्यात दोन्ही असतात.

आणि "ओरिजिनल" "ओरिजिनल" म्हणून जे चाललेलं असतं ना, त्यावर मला फार हसू येतं. स्प्लॅश माउंटन स्वतःच सेकंडहँड मालावर उभी होती! डिस्नेलँडमध्ये १९७४ पासून अमेरिका सिंग्ज नावाचा गाण्यांचा शो होता, तो १९८८ ला बंद झाला, आणि त्यातली बरीचशी यांत्रिक जनावरं उचलून स्प्लॅश माउंटनमध्ये बसवली. टोनी बॅक्स्टर म्हणून डिस्नेचा डिझायनर, त्याला ही सगळी कल्पना १९८३ मध्ये ट्रॅफिकमध्ये अडकलेला असताना सुचली असं सांगतात (मला ट्रॅफिकमध्ये फक्त भूक लागते). पार्कच्या त्या कोपऱ्यात कोणी फिरकत नव्हतं, ते गिऱ्हाईक खेचायचं आणि जुन्या बाहुल्या वापरायच्या. नावसुद्धा आधी वेगळं होतं, 'स्प्लॅश' हा सिनेमा आला होता १९८४ मध्ये म्हणून कंपनीच्या प्रमुखांनी हे नाव सुचवलं. तर हे आपलं पवित्र बालपण. अमेरिका सिंग्जमधल्या दोन हंसांची कातडी सोलून आधीच स्टार टूर्स ह्या दुसऱ्या राइडमध्ये रोबो म्हणून लावली होती, ती तर स्प्लॅशपर्यंत पोचलीच नाहीत.

बदल काय पहिल्यांदा झालेत का. इथली मिस्टर टोडची राइड काढून विनी द पू आणला तेव्हा लोक पार्कात निदर्शनं करत होते, १९९८ ची गोष्ट. नॉर्वेवरची मेलस्ट्रॉम राइड काढून फ्रोझन आणलं, आज तिथे तास-तास रांग असते आणि मेलस्ट्रॉमचं नाव काढणारे आमच्यासारखे चार म्हातारे. कॅलिफोर्नियातला टॉवर ऑफ टेरर (लिफ्ट कोसळते ती राइड) २०१७ मध्ये गार्डियन्स ऑफ द गॅलक्सीचा झाला, दिसायला तो डोंगराएवढा विचित्र पण आत गेलात की धमाल, कारण लिफ्ट खाली-वर आपटण्याचं कारण नव्या गोष्टीत नीट बसवलंय. सगळी मेख तिथेच आहे.

आता नवी राइड. टियानाज बायू ॲडव्हेंचर, फ्लोरिडात २०२४ च्या जूनमध्ये सुरू झाली, कॅलिफोर्नियात नोव्हेंबरमध्ये. टियाना म्हणजे २००९ च्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग'ची नायिका, डिस्नेची पहिली काळी राजकन्या, न्यू ऑर्लिन्सची, स्वतःचं हॉटेल काढणारी. राइडमध्ये तिच्या पुढचा काळ आहे, तिने आता कामगारांच्या मालकीची सहकारी कंपनी काढलीय (हो, सहकार! वारणानगरच्या माणसाला एकदम घरचं वाटेल) आणि मार्डी ग्रासच्या (न्यू ऑर्लिन्सचा मोठा सण) पार्टीला वादक कमी पडतायत म्हणून आपण दलदलीत वादक शोधायला निघतो. पाट तोच, चढ-उतार तेच.

बघायला जबरदस्त आहे, ह्यात वाद नाही. टियानाची बाहुली एवढी जिवंत की पहिल्यांदा मी चक्क मान डोलावली तिच्या बोलण्यावर. गाणी झकास, सिनेमातल्या आवाजाचेच कलाकार, रांगेत बेन्येचा वास सोडतात, म्हणजे तिकडचे तळलेले गोड वडेच म्हणा, त्याने पोटात कावळे ओरडायला लागतात. न्यू ऑर्लिन्ससारख्या सपाट गावात डोंगर कुठून आला तर म्हणे मिठाचा डोंगर आहे. लुइझियानात जमिनीखाली मिठाचे घुमट खरंच असतात, पण एवढं समजावून सांगावं लागतं तिथेच थोडी शिवण दिसते.

आणि पडायची वेळ आली की मामा ओडी ही सिनेमातली जादूगार म्हातारी येते, आधी तिने आपल्याला जादूने बेडकाएवढं केलेलं असतं, आता परत मोठं करते आणि चला पार्टीला, म्हणून ५० फूट खाली. का? पार्टीला जायला डोंगरावरून उडी कशाला मारायची? मागे कोणी लागलेलं नाही, सिनेमातला तो सावल्यांचा मांत्रिक डॉक्टर फॅसिलिए इथे नाहीच, कोणाला काही गमवायचं नाही. उतार आहे म्हणून पडायचं. एवढं सुंदर वाढलेलं ताट आणि त्यात मिठाचा डोंगर असून मीठ नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की टियानाला दुसऱ्याच्या गोष्टीसाठी खणलेला पाट दिला. तिला तिची स्वतःची राइड पहिल्यापासून बांधून द्यायला हवी होती, स्वयंपाकाची, हॉटेलची, जॅझची, जिथे पडायची गरजच नाही. पहिल्या काळ्या राजकन्येला जुनं घर रंग देऊन दिलं, आणि मग त्या घरासाठी सगळे तिलाच शिव्या घालतात.

लेकीला हे काही पटत नाही. ती आता चौदा वर्षांची, म्हणते बाबा प्रत्येक गोष्टीत कोणीतरी कोणाला खायलाच निघालं पाहिजे का, एक बाई धंदा सांभाळते आणि लोकांना जेवायला बोलावते, मला हीच गोष्ट आवडते. ती एका दिवसात तीनदा बसली. तिच्या मैत्रिणीला तर जुनी आठवतही नाही.

जुनी बघायची असेल तर टोकियोला अजून आहे, तिथलं पार्क जपानी कंपनीच्या मालकीचं, डिस्नेचा फक्त परवाना. आईला फोनवर सांगितलं की ती तुझी ओली झालेली राइड बंद झाली, तर तिने पहिलं विचारलं ससा कुठे गेला मग. म्हटलं टोकियोला आहे. ती बत्तीस वर्षं पोस्टात होती, म्हणाली, "बदली झाली म्हण की."

तुम्ही येत असाल तर बसा नक्की, माझ्या कुरकुरीमुळे टाळू नका. मुलांची उंची ४० इंच लागते. पुढच्या सीटवर बसलात तर जास्त भिजाल, आणि डिसेंबर-जानेवारीत इथेही सकाळी चांगली थंडी असते म्हणून दुपारी बसा आणि पिशवीत एक कोरड्या मोज्यांचा जोड ठेवा, ओल्या मोज्यांत अख्खं पार्क फिरण्यासारखी शिक्षा नाही.