विदर्भातल्या खेड्यांत टपाल खात्याला आता काय काम उरले आहे?

पत्रे कमी झाली म्हणून खात्याचे काम संपले, असा आपल्या प्रश्नाचा रोख दिसतो. तो मला मान्य नाही. मनीऑर्डर १८८० पासूनची आणि डाकघर बचत बँक १८८२ पासूनची, म्हणजे पैशांचा व्यवहार या खात्याला नवा नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी शाखा डाकघर म्हणजे ग्रामीण डाक सेवकाच्या घराची पुढची खोली: एक टेबल, तारखेचा शिक्का, शाईची गादी आणि आता बोटाचा ठसा घेणारे छोटे यंत्र. २०१८ मध्ये देशभर सुरू झालेल्या, टपाल खात्याच्याच इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमुळे आता श्रावणबाळ योजनेची रक्कम कोणत्याही बँकेतल्या आधार-जोडणी असलेल्या खात्यात जमा झाली, तरी म्हाताऱ्या माणसाला एसटीने तालुक्याला न जाता ती गावातच काढता येते. निंदण-वेचणीने रेषा झिजलेले बोट दोन-तीनदा पुसून टेकवावे लागते, पण पैसे हाती येतात, आणि माझ्या मते आज याहून मोलाचे काम दुसरे नाही. सुकन्या समृद्धी, आवर्ती ठेव, ग्रामीण डाक जीवन विमा हेही तिथेच होते. शिवाय पत्रे अजून येतातच. १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून आलेल्या पिनकोडातले ४४५ हे आकडे ती आमच्या जिल्ह्यात आणतात.