साखरपुडा झाला, आता पुढे काय?

प्रश्न: ताई, आमचा साखरपुडा झाला, लग्न डिसेंबरात धरलंय. मी पुण्यात वाढले, सासर कोल्हापूरकडचं. परवा त्यांच्याकडून फोन आला, त्यात सीमांतपूजन, देवक, बस्ता, रुखवत, मानपान असं काय काय होतं आणि आई नुसती हो हो म्हणत राहिली. मला यातलं अर्धं माहीत नाही. विचारलं तर वाईट दिसेल का?

उत्तर: अगं वाईट कसलं दिसतंय, न विचारता ऐन मांडवात रुसवेफुगवे झाले तर ते वाईट दिसेल. आधी यादीची बैठक लावा, म्हणजे दोन्हीकडची मोठी माणसं बसून कोणी काय करायचं, खर्च कोणाचा हे कागदावर लिहितात ती. (काही जण तिथंच लग्नही उरकतात, यादी पे शादी, आणि खरं सांगू का, मला ते फार आवडतं.) त्या बैठकीत तुम्ही दोघांनीही बसायचं, चहा देऊन आत जायचं नाही.

आता एकेक घे. सीमांतपूजन म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाड आलं की मुलीचे आईवडील नवरदेवाचे पाय धुतात, कपडे देतात, ओवाळतात, बरेच लोक त्याला सर्रास श्रीमंतपूजन म्हणतात. विधी अर्ध्या तासाचा, पण त्याच्यामागे हॉल आदल्या संध्याकाळपासून घ्यावा लागतो, वऱ्हाडाला रूम, रात्रीचं जेवण, सकाळचा चहा-नाष्टा, आणि हे सगळं बहुतेक वेळा मुलीकडच्यांवर येतं. आईने हो म्हटलं ते याला. हल्ली बरेच जण सीमांतपूजन लग्नाच्या दिवशी सकाळीच उरकतात, तसं बोलून बघा, कोणी नाही म्हणणार नाही बहुतेक.

देवक म्हणजे लग्नकार्याआधी घरात करतात ती देवाची स्थापना, ते ज्याचं त्याच्या घरी बसतं, घराण्याप्रमाणे रीत वेगळी, त्यात तुला काही करायचं नाही. एकदा देवक बसलं की ते उठेपर्यंत सोयरसुतक लागत नाही असं मानतात म्हणून म्हातारी माणसं त्याची घाई करतात. रुखवत म्हणजे लग्नात मांडतात तो फराळ आणि संसाराच्या वस्तू, ते तुमच्याकडून, हौस असेल तर मांडा, भाड्यानेपण मिळतं.

खरी गंमत बस्त्यात. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी, दोन्हीकडची दहा-बारा माणसं एकाच दुकानात गादीवर बसणार, तुझा शालू दहा मिनिटात ठरेल पण आत्याची साडी आणि मावशीची साडी यात दोनशे रुपयांचा फरक निघाला की झालं. मानपान म्हणजे हेच, नातेवाइकांना मानाने द्यायचे कपडे. म्हणून मानाच्या साड्या किती, टॉवेल-टोपी किती हा आकडा घरूनच लिहून न्या आणि सगळ्या मानाच्या साड्या एकाच भावातल्या घ्या. ब्लाउज मात्र लगेच शिवायला टाका, लग्नसराईत टेलर फोन उचलत नाहीत.

आणि यादीत रोख रक्कम किंवा गाडी आली तर तो मानपान नाही, हुंडा आहे. 1961 च्या कायद्याने घेणारा आणि देणारा दोघंही गुन्हेगार, हे बैठकीत स्पष्ट बोलायला लाजू नका.

प्रश्न: ताई, मुलगा जर्मनीत असतो. व्हिसासाठी सर्टिफिकेट लवकर हवंय म्हणून आत्ता नुसतं रजिस्टर करून विधी सहा महिन्यांनी करायचे असं चाललंय. चालेल का?

उत्तर: कुठल्या कायद्याखाली करताय त्यावर आहे, आणि इथे भलेभले गोंधळतात. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात रजिस्ट्रेशन म्हणजे झालेल्या लग्नाची नोंद. लग्नच लागलं नसेल तर नोंद कशाची? सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये हेच सांगितलं की विधी न करता नुसतं सर्टिफिकेट काढलं तर ते लग्न धरलं जात नाही. सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं झालं असं कायद्यातच लिहिलंय.

आधी कागद हवाच असेल तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याने करा. ज्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे लग्नाची नोटीस द्यायची, त्या जिल्ह्यात तुमच्यापैकी एक जण नोटीस देण्याआधी निदान 30 दिवस राहिलेला हवा, म्हणजे तू आहेसच. नोटीस दिली की 30 दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार घेऊन ऑफिसात लग्न, पण नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या सुट्टीची तिकिटं या हिशोबाने काढा. मुंडावळ्या आणि मंगलाष्टकं नंतर सावकाश होऊ देत.

दुसरी सोय म्हणजे घरच्या घरी गुरुजी बोलावून पंधरा-वीस माणसांत विधीवत लग्न लावायचं, त्याची नोंद करायची आणि जेवणावळ सहा महिन्यांनी. नोंदीच्या अर्जावर गुरुजींची सही लागते, ती त्याच दिवशी घेऊन ठेवा, नंतर गुरुजी सापडत नाहीत. आणि दोघांच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच लिहा, पत्रिकेतपण.

प्रश्न: चातुर्मासात लग्न केलं तर चालतं का? हॉल स्वस्त मिळतोय.

उत्तर: आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत नेहमीचे मुहूर्त नसतात, तुळशीचं लग्न लागलं की सुरू होतात, म्हणून तर हॉल रिकामे आणि स्वस्त. पण पंचांगात अडीअडचणीसाठी काढीव मुहूर्त दिलेले असतात, घरच्या गुरुजींना विचारा. लॉन मात्र घेऊ नका, छप्पर असलेला हॉल बघा आणि जनरेटरचे पैसे भाड्यातच आहेत का ते पावतीवर लिहून घ्या.