सोळा वर्षांचा मुलगा घरातून निघून गेलाय, पोलीस म्हणतात ‘24 तास वाट बघा’. बरोबर आहे का?

नाही, 18 वर्षांखालील मूल हरवल्यावर थांबायला सांगणारा कुठलाही नियम नाही. तक्रार लगेच घेऊन गुन्हा नोंदवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने मे 2013 मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’ या बालहक्क संस्थेच्या याचिकेवर तसे बजावले आहे. चिठ्ठी लिहून स्वतःहून गेला असला तरी सुरुवातीला अपहरण गृहीत धरतात, म्हणून एफआयआर भारतीय न्याय संहितेच्या कलम 137 खाली ‘अज्ञात’ व्यक्तीविरुद्ध होतो. (जुन्या दंड संहितेत अपहरणासाठी मुलग्यांची वयोमर्यादा 16 होती, आता सगळ्यांना 18.) हद्दीचा वाद घातला तर ‘झिरो एफआयआर’ (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा एफआयआर) मागा.

जाताना अलीकडचा फोटो, वयासाठी शाळेचा किंवा जन्माचा दाखला, मोबाईल नंबर आणि अंगावरच्या कपड्यांचे वर्णन न्या. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नुसती ‘मिसिंग’ची नोंद करून परत पाठवले तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे पाठवा. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही लगेच कळवा.

एक लक्षात ठेवा: घर सोडणे हा मुलाचा गुन्हा नाही. सापडल्यावर त्याला कोठडीत ठेवता येत नाही; प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत बालकल्याण समितीपुढे (अशा मुलाला कुठे ठेवायचे हे ठरवणारी सरकारी समिती) न्यावे लागते. घरी मारहाण होते असे त्याने तिथे सांगितले, तर समिती ताबा लगेच देईलच असे नाही.