शोधशब्द निवडावेत कसे, ठेवावेत कुठे?

प्रश्न : देवगडच्या आमच्या बागेतील हापूस आम्ही स्वतःच्या संकेतस्थळावरून विकतो. पानाच्या तळाशी ‘आंबा’ हा शब्द चाळीस वेळा लिहूनही गूगलवर आम्ही वर दिसत नाही. आमचे काय चुकते?
– एक बागायतदार

उत्तर : चूक शब्दाच्या निवडीपासूनच आहे. नुसता ‘आंबा’ शोधणाऱ्याला लोणच्याची कृती हवी आहे, कलम हवे आहे की पेटी, हे त्या एका शब्दावरून कळत नाही. उलट ‘देवगड हापूस पेटी पुणे घरपोच’ असे लिहिणारा बहुधा खरेदीच्या तयारीने आलेला असतो आणि अशा लांब शब्दसमूहांसाठी स्पर्धाही सहसा कमी असते. गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत साधनात, लोकांनी काय शोधले असता तुमचे पान दिसले, ते पाहता येते. सुरुवात तिथूनच करावी. हापूसला ‘अल्फान्सो’ म्हणणारे ग्राहकही असतात, त्यांना विसरू नये.

निवडलेला शब्दसमूह शीर्षक-टॅगमध्ये (म्हणजे पानाच्या कोडमध्ये दिलेल्या त्याच्या नावात), मुख्य मथळ्यात, पहिल्या परिच्छेदात आणि छायाचित्राच्या पर्यायी मजकुरात (म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणाऱ्या कोडमधील ओळीत), जिथे वाक्यात सहज बसेल तिथेच यावा. तळाची ती जपमाळ मात्र आजच काढून टाकावी, कारण अशी खोगीरभरती गूगलच्या स्पॅमविषयक धोरणांचा भंग ठरते. मेटा कीवर्ड्स टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधील वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी, भरण्यातही वेळ दवडू नये; क्रमवारी ठरवताना आपण तो विचारात घेत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. बदल केल्यावर परिणाम दिसायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून हे काम हंगाम सुरू होण्याच्या बऱ्याच आधी उरकावे.