जुने ईमेल थंडरबर्डमधूनही आणि ब्राउझरमधूनही आपोआप डिलीट कसे होतील?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : ऑफिसात थंडरबर्ड (मेल वाचायचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम), घरी ब्राउझरमध्ये जीमेल, खातं एकच. वर्षापेक्षा जुने मेल दोन्हीकडून आपोआप जावेत, तर सेटिंग नेमकं कुठे करायचं?

करता येतं. पण ते एकाच ठिकाणी करा, आणि ते ठिकाण थंडरबर्ड नको. मी छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटीची आणि हिशेबाची कामं करतो. हेच सेटिंग चुकीच्या जागी ठेवून एकदा फार अडचणीत आलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खातं आयमॅपवर जोडलंय की पॉपवर ते बघा (थंडरबर्डला मेल सर्व्हरशी जोडायच्या या दोन पद्धती). थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये 'सर्व्हर सेटिंग्ज' उघडलं की सगळ्यात वर सर्व्हर टाइप लिहिलेला असतो. आयमॅप असेल तर तुम्हाला दिसणारा इनबॉक्स म्हणजे सर्व्हरवरचाच इनबॉक्स, इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. पॉपमध्ये मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेला असतो आणि सर्व्हरवरच्या प्रतीचं काय करायचं हे वेगळं सांगावं लागतं. तिथे 'मेल सर्व्हरवर जास्तीत जास्त इतके दिवस ठेवा' असा पर्याय असतो आणि चौकटीत आधीच १४ हा आकडा भरलेला असतो. अनेकांचे मेल 'गायब' होतात ते या १४ दिवसांमुळेच.

थंडरबर्डमध्ये तुम्हाला हवं तसं सेटिंग खरोखर आहे. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथे 'रिटेन्शन पॉलिसी'. इतक्या दिवसांपेक्षा जुने मेल डिलीट करा, स्टार केलेले मात्र कायम ठेवा, असं सांगता येतं. मी आमच्या ऑफिसच्या खात्यावर हेच लावलं होतं, ३६५ दिवस टाकून. ते खातं आमच्याच डोमेनवरचं, आयमॅपने जोडलेलं. डिलीट झालेले मेल सर्व्हरवरूनही कायमचे जातील, असं त्याच पानावर लिहिलेलं असतं. मी ते वाचलंही होतं. पण जुन्या मेलमध्ये काय काय आहे याचा विचार केला नव्हता.

काही महिन्यांनी एका दुकानदाराला नोटीस आली. तीन वर्षांपूर्वी पुरवठादाराने मेलवर पाठवलेली क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) हवी होती. सर्चमध्ये पुरवठादाराचं नाव टाकलं, एकही मेल नाही. ट्रॅश बघितला, तिथेही नाही, कारण रिटेन्शन पॉलिसीने काढलेला मेल ट्रॅशमध्ये जातच नाही, थेट पुसला जातो. दुकानदार समोर खुर्चीवर बसलेले, हातात नोटीस. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. हा नियम मीच लोकांना सांगतो आणि माझ्याच इनबॉक्समधून वर्षाच्या वरचं सगळं गेलेलं होतं.

तो मेल मिळाला तो कपाटातल्या जुन्या लॅपटॉपवर. लॅपटॉप सुरू करण्याआधी मी राउटरच बंद केला. इंटरनेट मिळालं असतं तर थंडरबर्डने लगेच सर्व्हरशी ताळमेळ केला असता आणि तिथली प्रतही गेली असती. आधी थंडरबर्डचं अख्खं प्रोफाइल फोल्डर (त्यातच सगळे मेल आणि सेटिंग्ज असतात) पेनड्राइव्हवर कॉपी केलं. मग थंडरबर्ड उघडलं, जुने मेल निवडले आणि 'लोकल फोल्डर्स'मध्ये, म्हणजे फक्त त्याच कॉम्प्युटरवर राहणाऱ्या फोल्डरमध्ये, कॉपी केले. तुमच्यावर अशी वेळ आली तर हाच क्रम पाळा : आधी नेट बंद, मग कॉपी, मग उघडायचं.

तुमचं खातं जीमेलचं आहे, तिथे अडचण वेगळी आहे. आयमॅपवरून एखादा मेल असा थेट पुसला गेला तर जीमेल, तुम्ही सेटिंग बदललेलं नसेल तर, तो आर्काइव्ह करतं. म्हणजे इनबॉक्समधून जातो पण 'ऑल मेल'मध्ये तसाच राहतो आणि जागा रिकामी होत नाही. थंडरबर्डमध्ये स्वच्छ दिसेल, ब्राउझरमध्ये १५ जीबीचा आकडा मात्र हलणार नाही.

म्हणून काम जीमेलच्या बाजूनेच करा. इथे बरेच जण एक चूक करतात : फिल्टरमध्ये 'ओल्डर दॅन' टाकून डिलीट निवडतात. फिल्टर मेल आत येताना चालतो, आणि आत्ता आलेला मेल वर्षभर जुना कसा असेल? तो फिल्टर बनवताना जुन्या मेलवर फार तर एकदा चालेल, पुढे कधीच नाही.

मी असं केलंय. 'टेम्प' नावाचं एक लेबल बनवलं, नाव मुद्दाम इंग्रजी अक्षरांत. ज्यांचे मेल महिन्यानंतर कुणालाही लागणार नाहीत, त्यांच्यासाठी फिल्टर लावून हे लेबल दिलं : ओटीपी, कुरिअर कुठवर आलं याचे मेल, सेल आणि ऑफर. बँकेचा पत्ता सरसकट टाकू नका, स्टेटमेंटही त्याच पत्त्यावरून येऊ शकतं. पत्त्याबरोबर विषयात ओटीपी हा शब्द हवा, अशी अट घाला. मग गूगल ॲप्स स्क्रिप्टमध्ये (ही सोय फुकट आहे, जीमेलच्याच लॉगिनने उघडते) आठ-दहा ओळींची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) लिहिली : टेम्प लेबल असलेली, ३० दिवसांपेक्षा जुनी संभाषणं शोध, एका वेळी १०० घे आणि ट्रॅशमध्ये टाक. तिला रोज पहाटे चालण्याचा टाइम ट्रिगर लावला. कॉम्प्युटर बंद असला तरी ती गूगलच्या सर्व्हरवर चालते. आयमॅप असल्यामुळे थंडरबर्डमधूनही ते मेल आपोआप जातात, तिथे काहीही लावावं लागत नाही. ट्रॅशमध्ये मेल ३० दिवस राहतो, तेवढा वेळ चूक सुधारायला मिळतो.

स्क्रिप्टमध्ये एक गोष्ट विसरू नका. जीमेल एकेक मेल सुटा न धरता अख्खं संभाषण धरतं. तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या संभाषणात काल उत्तर आलं असेल, तरी पहिला मेल जुना म्हणून ते संभाषण शोधात येतं, आणि डिलीट केलं की कालचं उत्तरही त्याबरोबर जातं. म्हणून स्क्रिप्टमध्ये शेवटच्या मेलची तारीख तपासून मगच पुढे जायचं. हाताने साफ करत असाल तर आधी सेटिंग्जमध्ये 'कॉन्व्हर्सेशन व्ह्यू' बंद करा.

आणि तुमचा खरा त्रास जागा भरल्याचा असेल, तर मेलच्या वयाकडे बघूच नका. सर्चमध्ये इंग्रजीत लार्जर, कोलन, 10 आणि एम, मध्ये जागा न सोडता टाइप करा. १० एमबीपेक्षा मोठे मेल समोर येतील. हजारो जुने ओटीपी मिळून जेवढी जागा खात नाहीत तेवढी लग्नाच्या फोटोंचे दहा-पंधरा मेल खाऊन बसलेले असतात.

आउटलुकवाल्यांसाठी थोडक्यात. आउटलुक डॉट कॉमवर 'स्वीप' आहे, त्यात एखाद्या पत्त्यावरून आलेले १० दिवसांपेक्षा जुने मेल कायम डिलीट होत राहतील असं ठरवता येतं. हे सर्व्हरवरचं आहे, आणि पाठवणाऱ्यानुसार आहे, म्हणून मला आवडतं. जुन्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये 'ऑटोआर्काइव्ह' आहे. ते जुने मेल कॉम्प्युटरवरच्या वेगळ्या पीएसटी फाइलमध्ये नेतं, म्हणजे हार्ड डिस्क गेली तर तेही गेले. त्या फाइलचा बॅकअप वेगळा ठेवा.

तुमच्या बाबतीत 'वर्षापेक्षा जुने सगळे' ही अट मी लावणार नाही. पहिले दोन आठवडे स्क्रिप्टला ट्रिगरही लावू नका. नुसते फिल्टर चालू द्या आणि रोज एकदा टेम्प लेबल उघडून आत काय काय येतंय ते डोळ्यांखालून घाला. मी ते केलं तेव्हा तिसऱ्या दिवशी त्यात विम्याच्या हप्त्याची पावती सापडली, फिल्टरमधला एक शब्द बदलावा लागला.

तुमचं खातं पॉपवर निघालं तर इथेच खाली लिहा, त्याचं वेगळं सांगतो. तोवर कुठलंही सेटिंग बदलू नका.